आठ ओळींचे भाचेबुवा

आमचे भाचेबुवा अ‍ॅरिझोनातल्या टेंपीच्या विद्यापीठात अर्थ लावायला शिकतात. कागदोपत्री त्याला इंग्रजी साहित्यातली पीएच.डी. म्हणतात. साताऱ्यात माझी बहीण शेजारीपाजारी ‘तो अमेरिकेत डॉक्टर होतोय’ एवढंच सांगते आणि घाईघाईने पावसाचा विषय काढते. त्यामुळे हे सुट्टीत घरी गेले की समोरच्या काकू गुडघा दाखवायला येतात. भाचेबुवा त्यांना निराश करत नाहीत. गुडघा जिना उतरतानाच का दुखतो, चढताना का नाही, आणि यातून काकूंना उतरत्या वयाविषयी काही म्हणायचं आहे का, हे ते अर्धा तास समजावून सांगतात. काकू पुढच्या वर्षी पुन्हा येतात. गुडघा तसाच असतो, पण इतक्या आस्थेने त्याची चौकशी दुसऱ्या कुणी केलेली नसते.

हा एक स्वतंत्र मनुष्यप्रकार आहे. आपल्याला एखादी गोष्ट कळली की आपण पुढच्या कामाला लागतो. या माणसाला गोष्ट कळली की संशय येतो. इतक्या सहज कळली म्हणजे नक्कीच काहीतरी राहिलं.

त्यांच्या मामीने एकदा फ्रीजवर चिठ्ठी चिकटवली : ‘दूध संपलं आहे.’ भाचेबुवा दिवसभर घरीच होते. संध्याकाळी मी आलो तेव्हा चिठ्ठी जागच्या जागी, दुधाचा पत्ता नाही, आणि भाचेबुवा कोरा चहा पीत प्रसन्न बसलेले.

‘मामा, इथे गंमत बघ,’ ते म्हणाले. ‘मामी “दूध आण” म्हणत नाही. “आणशील का” असंही विचारत नाही. ती फक्त एक अभाव नोंदवते. मग ही चिठ्ठी कुणाला उद्देशून आहे? मला वाटतं, हे स्वगत आहे.’

‘स्वगत नव्हतं ते, मेल्या,’ आतून आवाज आला. ‘तुला होतं.’

भाचेबुवांनी ‘मेल्या’ वहीत लिहून घेतलं.

उंची बेताची, दाढी अमेरिकेत आल्यानंतरची, चष्मा अजून साताऱ्याचा. खांद्याला एका पुस्तकाच्या दुकानाची कापडी पिशवी. तिच्यात पुस्तकं, पेन्सिलींचे तुकडे आणि तळाशी केव्हाची तरी शेंगदाण्याची चिक्की. ‘इथे गंमत बघ’ हे वाक्य दिवसातून किती वेळा येतं ते सांगत नाही, पण ते म्हणताना त्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनी जुळतात, आणि ज्वारीच्या पिठातली अळी अलगद काढावी तसं ते समोरच्या हवेतून काहीतरी चिमटीत उचलतात. मग चिमूट आपल्यापुढे धरतात. आपण बघतो. चिमटीत काही नसतं. त्यांना ते दिसत असतं.

मी स्वतः चँडलरला चिपच्या कारखान्यात आहे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवून सिलिकॉनच्या चकत्यांवरच्या रेघा तपासणं हा माझा चरितार्थ. नको तिथे रेघ आली तर आमच्याकडे धावपळ उडते. आणि जिथे रेघ नाहीच, तिथे ती मला दिसायला लागली तर माझी नोकरी जाईल. भाचेबुवांना त्याच गोष्टीबद्दल विद्यापीठ पगार देतं. पगार बेताचा आहे हे मान्य, म्हणून तर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना टेंपीहून उचलून आणतो आणि रविवारी डब्यांसकट परत सोडतो.

तिथे ते आणखी तिघांबरोबर राहतात. तिघंही कॉम्प्युटरवाले. पूर्वी त्या तिघांना ‘शिकून झाल्यावर तुझं कसं होणार’ अशी भाचेबुवांची काळजी वाटायची. हल्ली कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांची अवस्था बघून ती त्यांनी सोडून दिली आहे. पगाराच्या बदल्यात भाचेबुवांना पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध लिहायला शिकवावं लागतं. मुलं बरीचशी इंजिनिअरिंगची, निबंध बरेचसे यंत्राकडून लिहून आणलेले. भाचेबुवांना ते बरोबर ओळखू येतात. कसे, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘कवितेत आहे तेवढंच लिहितं रे ते. आणि प्रत्येक परिच्छेदाला तोल सांभाळतं. माणूस असा कुठे असतो?’

एकदा जेवताना एका कवितेवरून बोलणं चाललं होतं. मामीने सहज विचारलं, ‘पण कवीला स्वतःला काय म्हणायचं असेल?’

‘ते बघायचं नसतं मामी. लेखक १९६७ सालीच मेला.’

‘अगं बाई! कोण?’

‘सगळेच.’

मामीचा हात आमटीच्या पळीवरच थांबला. मग खुलासा झाला. रोलाँ बार्थ नावाच्या फ्रेंच समीक्षकाने त्या वर्षी एका निबंधात लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. लिहून झालं की लेखकाचा संबंध संपला, यापुढे अर्थ वाचकाच्या मालकीचा. बार्थ पुढे १९८० साली पॅरिसच्या रस्त्यात एका लाँड्रीच्या व्हॅनची धडक बसून जखमी झाले आणि त्यातच महिन्याभराने गेले. या अपघाताचा अर्थ लावायचा मोह भाचेबुवांनी अजून तरी आवरला आहे. मामीने सगळं ऐकून घेतलं, आमटी वाढली आणि एकच प्रश्न केला.

‘मग पुस्तकांचे पैसे कोण घेतं?’

त्यांच्या प्रबंधाचा विषय वॉल्ट व्हिटमन. अमेरिकेचा हा दाढीवाला महाकवी १८१९ साली जन्मला आणि १८९२ साली गेला. १८६५ च्या ‘ड्रम-टॅप्स’ या संग्रहात त्याची एक लहानशी कविता आहे. ओळी आठ, वाक्य म्हटलं तर एकच. एक माणूस खगोलशास्त्रज्ञाच्या व्याख्यानाला जाऊन बसतो. तक्ते, आकडे, आकृत्या, वर श्रोत्यांच्या टाळ्या. त्याला शिणल्यासारखं, कसंसंच व्हायला लागतं. तो उठतो, एकटाच बाहेर येतो आणि काही न बोलता ताऱ्यांकडे बघतो. एवढंच. इथल्या शाळांतून ही कविता शिकवतात आणि मुलांना ती आवडते, कारण व्याख्यानातून उठून जायला एका महाकवीची परवानगी मिळते.

या आठ ओळींवर भाचेबुवांनी अख्खं प्रकरण लिहिलं आहे. पानं ६४, तळटीपा वेगळ्या.

‘म्हणजे ओळीला आठ पानं पडली,’ मी म्हणालो. ‘तीसुद्धा “बोलणं पुरे, बाहेर जाऊन बघा” असं सांगणाऱ्या ओळींवर.’

‘ज्ञानेश्वरांनी ७०० श्लोकांवर ९००० ओव्या केल्या. तेव्हा श्लोकाला किती ओव्या पडल्या ते कुणी विचारलं होतं का?’

माउलींचं नाव निघाल्यावर मामीने हात जोडले, म्हणजे वाद माझ्या विरोधात गेला. तरी मी सोडलं नाही. ती टीका पुरी झाल्यावर निवृत्तिनाथ म्हणाले, हे गीतेवरचं झालं, आता तुझं स्वतःचं काही लिही, आणि त्यातून अमृतानुभव झाला, अशी परंपरा सांगते. ‘तुझा अमृतानुभव केव्हा?’ भाचेबुवांनी शांतपणे दही वाढून घेतलं. ‘आधी नोकरी लागू दे.’

या खोडीवर उपाय म्हणून मी एक प्रयोग केला होता. सूझन सोन्टॅग या अमेरिकन विदुषीने १९६४ साली एक निबंध लिहिला. त्याचं सार असं की कलाकृतीला खणत बसणं पुरे, ती जशी समोर आहे तशी आधी नीट बघा, ऐका. या बाई लहानपणी काही वर्षं आमच्याच अ‍ॅरिझोनात, टूसॉनला राहत होत्या, हे कळल्यावर मला उगाचच आपल्या आळीतल्या मुलीने नाव काढल्याचा अभिमान वाटला. निबंध छापून मी भाचेबुवांच्या उशाशी ठेवला. त्यांनी तो मन लावून वाचला आणि त्याचा अर्थ लावणारा अठरा पानी लेख लिहिला. लेखाला ‘ए’ मिळाला.

इथल्या मराठी मंडळातही त्यांची कीर्ती पोचलेली आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, एका चिमुरडीने कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ खणखणीत म्हटलं. १९४२ च्या ‘विशाखा’ संग्रहातली ही कविता. भाचेबुवांना तिच्यावर ‘दोन शब्द’ बोलायचे होते. मंडळांमध्ये दोन शब्द म्हणजे वडे तळून होईपर्यंत. भाचेबुवांचे दोन शब्द वडे गार होईपर्यंत चालले. पृथ्वीला सूर्याची ओढ आहे, पण तिला अंतरही मोलाचं वाटतं, या मुद्द्याशी ते रेंगाळत असताना मागच्या रांगेतून एका इंजिनिअर काकांनी हात वर केला. ‘अंतर कायम नसतं हो. जुलैपेक्षा जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या ५० लाख किलोमीटर जवळ असते.’ दुसरा एखादा वक्ता खजील होऊन खाली बसला असता. भाचेबुवांचे डोळे चमकले. ‘म्हणजे ऐन थंडीत!’ असं म्हणून त्यांनी हवेतून चिमूट उचलली, आणि वड्यांची उरलीसुरली आशा मावळली.

तर अशा या माणसाला मी एका शनिवारी विचारलं, ‘ताऱ्यांवर ६४ पानं लिहिलीस. तारे बघितलेस का?’

‘चँडलरमध्ये?’

हे मात्र खरं होतं. फीनिक्स आणि त्याला चिकटलेल्या गावांच्या उजेडात आमच्या वाट्याला चंद्र, एखाद-दुसरा ग्रह आणि विमानतळावर उतरणारी विमानं एवढंच आकाश येतं. म्हणून २०२५ च्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या शनिवारी, आम्ही तिघं फ्लॅगस्टाफला निघालो. अमावास्या तीन दिवसांवर होती, म्हणजे पहाटेपर्यंत चंद्राचा अडथळा नाही. मामीने दशम्या, लसणीची चटणी आणि थर्मासभर चहा घेतला, शिवाय यमदीपासाठी कणकेचा दिवा. भाचेबुवांनी व्हिटमन घेतला.

फीनिक्सहून आय-१७ ने उत्तरेला लागलं की अडीच तासांत माणूस सहा हजार फूट वर चढतो. आधी हात वर केलेले साग्वारो निवडुंग संपतात, मग खुरटी झुडपं, आणि शेवटी पाइनचं दाट जंगल. चढावर पाटी येते : गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. मी एसी बंद केला. भाचेबुवा पाटीचा विचार करत बसले. पुढे हरणाचं चित्र असलेली पिवळी पाटी आली. एल्क नावाचं सांबराएवढं थोराड हरिण रात्री रस्त्यावर येतं, त्याची ती सूचना. ‘मामा, मृग!’ भाचेबुवा ओरडले. मी कचकन ब्रेक दाबला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. रस्त्यावर मृग नव्हता. मृग त्यांना पाटीत, तिथून नक्षत्रात आणि तिथून तिसऱ्या प्रकरणात दिसला होता.

फ्लॅगस्टाफ हे सात हजार फुटांवरचं गाव अंधार जपणारं म्हणून प्रसिद्ध आहे. आकाशात जाहिरातीचे झोत सोडायला इथे १९५८ सालीच बंदी झाली, आणि २००१ साली ते जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय सिटी’ ठरलं. रस्त्यावरचे दिवे मंद, पिवळसर, खाली मान घातलेले. अशा गावात तिन्हीसांजेला मामीने मोटेलच्या खोलीबाहेर दक्षिणेकडे वात करून यमाचा दिवा ठेवला. मोटेलचे मालक गुजराती. ते लगबगीने बाहेर आले, मला वाटलं विझवायला सांगणार. त्यांनी मामीकडे काडेपेटी मागितली आणि शेजारी आपलाही एक लावला. ‘अंधार राखणाऱ्या गावात यमाला उजेड!’ भाचेबुवांनी सुरुवात केली. ‘इथे गंमत...’ ‘आधी नमस्कार कर,’ मामी म्हणाली.

गावाच्या कडेला मार्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावर लॉवेल वेधशाळा. १९३० साली क्लाइड टॉम्बॉने प्लूटो शोधला तो इथेच. पण मला भाचेबुवांना भेटवायचं होतं ते पर्सिव्हल लॉवेलना, कारण त्यांच्याएवढा मोठा अर्थ लावणारा माणूस खगोलशास्त्रात दुसरा झाला नाही. बॉस्टनचं गर्भश्रीमंत घराणं. १८९४ साली स्वतःच्या पैशाने वेधशाळा बांधली, पुढे दोन वर्षांत २४ इंची दुर्बीण बसवली, आणि मंगळ बघायला बसले. त्यांना मंगळावर सरळ रेघा दिसल्या. इतरांनाही पुसट दिसत होत्या, पण लॉवेल तिथे थांबले नाहीत. एवढ्या सरळ रेघा निसर्ग काढत नाही, म्हणजे ते कालवे. कालवे म्हणजे ते खणणारे कुणीतरी. मंगळ कोरडा पडत चाललाय, म्हणून ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी आणायची ही व्यवस्था. म्हणजे तिथे सबंध ग्रहभर एकोपा आहे! १८९५, १९०६ आणि १९०८ साली त्यांनी यावर एकेक पुस्तक लिहिलं. १९१६ साली ते गेले, त्यांची समाधी त्याच टेकडीवर आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने फोटो पाठवले. खड्डे होते. कालवा एकही नव्हता.

‘तुमच्यातलाच,’ मी म्हणालो.

भाचेबुवा समाधीपुढे जरा ओशाळल्यासारखे उभे होते. मग मी शुक्राचं सांगितलं. लॉवेलना शुक्रावरही रेघा दिसल्या होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या मधून निघालेल्या. शुक्र इतका झगझगीत की ते दुर्बिणीचं तोंड अगदी बारीक करून बघत. तसं केल्यावर बघणाऱ्याला आपल्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसू शकते, आणि लॉवेलनी शुक्राचा म्हणून जो नकाशा काढला तो त्यांच्या स्वतःच्या डोळ्याचा असावा, असा तर्क पुढे जाणकारांनी मांडला. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प होईल.

‘मामा,’ ते भारावून म्हणाले, ‘याच्यापेक्षा चांगली समीक्षेची व्याख्या मी वाचलेली नाही.’

मग त्यांनीच मला सांगितलं की कवयित्री एमी लॉवेल ही या पर्सिव्हलची धाकटी बहीण. तिला १९२६ साली मरणोत्तर पुलित्झर मिळालं. ती इमेजिस्ट पंथाची. म्हणजे वस्तू दिसते तशी, नेमकी मांडा, पदरचं काही घालू नका, असं बजावणाऱ्यांपैकी. भाऊ दुर्बिणीतून काव्य बघत होता आणि बहीण कवितेत काटेकोर निरीक्षण मागत होती. हे मला ठाऊक नव्हतं आणि ऐकून मजा वाटली. या माणसांचा असा उपयोग होतो.

एका दुर्बिणीवर शनी दाखवत होते. रांग लांब, थंडी कडाक्याची. मामीचा नंबर आला. ती बराच वेळ डोळा लावून होती.

‘कडं कुठाय? नुसती रेघ आहे.’

तिचं बरोबर होतं. साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी आपल्या नजरेच्या पातळीत येतात आणि काठावरून दिसतात, आणि २०२५ हे नेमकं तसं वर्ष. भाचेबुवा ‘ग्रहाने आपला अलंकार उतरवून ठेवला’ असं काही म्हणायच्या बेतात होते, पण स्वयंसेवकाने ‘नेक्स्ट’ म्हटलं.

तिथून आम्ही गावाबाहेर सनसेट क्रेटरच्या दिशेने एका मोकळ्या जागी गेलो. पाचसहा हौशी लोक तिवया मांडून, कपाळाला लाल दिवे बांधून उभे होते. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढरा उजेड क्षणभर जरी पडला तरी सगळी कमाई बुडते, म्हणून लाल दिवा. सगळ्यांचे डोळे सरावले, आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली, आणि नेमक्या त्या वेळी भाचेबुवांना काहीतरी सुचलं. त्यांनी टिपून घ्यायला फोन उघडला. चहूबाजूंनी जो आरडाओरडा झाला, त्याचा अर्थ त्यांना विनासायास लागला.

फोन खिशात गेल्यावर तोंड सुरू झालं. दहाच्या सुमाराला कृत्तिका चांगल्या वर आल्या होत्या, त्यावरून गाडी शंकर बाळकृष्ण दीक्षितांवर गेली. दापोलीजवळच्या मुरुडचा हा शिक्षक. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत. आज त्या नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. मग केव्हा उगवत असतील, याचं गणित दीक्षितांनी मांडलं आणि ते वाक्य इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचं असल्याचा निष्कर्ष काढला. ‘एका वाक्यावरून, मामा!’ मग टिळक. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी वसंतसंपात मृगात असल्याच्या वैदिक खुणा शोधल्या आणि वेदकाळ इसवी सनापूर्वी ४००० पर्यंत मागे नेला. ‘लोकमान्यांचंही हेच काम होतं. वाचायचं आणि वर बघायचं.’

‘आणि १९०३ साली त्यांनी आपल्या पूर्वजांना उत्तर ध्रुवावर नेऊन बसवलं, ते?’

अंधारात थोडा वेळ उत्तर आलं नाही.

‘ते जरा पुढे गेले तिथे,’ भाचेबुवा म्हणाले. ‘पण त्यांनी गणित आणि ऋचा दोन्ही समोर ठेवल्या. कुणालाही तपासता याव्यात अशा. म्हणून तर आपण म्हणू शकतो, पुढे गेले. लॉवेलचा शुक्र तपासायला लॉवेलचाच डोळा लागला असता.’

हे मला पटलं. आमच्या कारखान्यातही नियम हाच आहे : तुला दिसलं ते दुसऱ्या पाळीच्या माणसाला दिसलं पाहिजे.

साडेअकराला पूर्वेकडून मृग पुरता वर आला. तीन ताऱ्यांचा बाण झाडांच्या शेंड्यांवर चक्क उभा होता. या आकृतीतले काक्षी आणि राजन्य हे तारे एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षं दूर आहेत. तिथे हरिणही नाही आणि बाणही नाही. हे मी मुद्दाम सांगितलं. भाचेबुवा म्हणाले, ‘हो, पण गेली तीन-चार हजार वर्षं ज्याला ज्याला दाखवलं त्याला त्याला दिसलं. पाळी बदलत गेली मामा, नोंद तीच आहे.’ माझंच हत्यार माझ्यावर उलटवायची ही सवय त्यांना विद्यापीठात लागलेली दिसते.

रात्रीचा कळस मात्र मामीने केला. शेजारच्या एका आजोबांनी तिला डोक्यावरचा एम अक्षरासारखा ताऱ्यांचा पुंजका दाखवला. आपल्याकडे ती शर्मिष्ठा. तिच्या टोकाच्या रोखाने सरकत गेलं की एक धुरकट ठिपका लागतो, ती देवयानी दीर्घिका. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या सगळ्यात दूरच्या वस्तूंपैकी एक. मामीने नावं ऐकली आणि कंबरेवर हात ठेवले.

‘म्हणजे खांडेकरांचीच की. शर्मिष्ठा बघ कशी ठसठशीत, आणि देवयानीचा नुसता डाग. आणि तो ययाति?’

ययाति शेजारीच होता, दाखवला.

‘बरोबर आहे. त्या पुस्तकातही देवयानीवर अन्यायच झालाय. जी दिसते तिचं कौतुक. ही दिसत नाही कारण लांब आहे. पण डाग म्हणताय तो किती ताऱ्यांचा, ते कुणी सांगितलं का?’

कुणाला बोलायला सुचेना. १९५९ ची ती कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ, तिच्यावरचे लेख आणि परिसंवाद, सगळं भाचेबुवांना तोंडपाठ. हा मुद्दा त्यांनी ऐकला नव्हता. त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला, पण पाचसहा लाल दिवे एकदम त्यांच्याकडे वळले.

मग ते चक्क गप्प झाले. बराच वेळ मान वर करून उभे. मामीने जवळ जाऊन कपाळाला हात लावला. ‘बरं वाटत नाहीये का रे?’

पहाट व्हायला आली तेव्हा पश्चिमेकडून ओळीने, एकामागून एक, सारख्या अंतराने ठिपके सरकत आले. ‘मामा, ओळ!’ भाचेबुवांचा आवाज परत आला. ‘अक्षरशः ओळ! आकाश लिहितंय!’ शेजारच्या एका लहान पोराने आईला सांगितलं, ‘स्टारलिंक.’ भाचेबुवांनी चिमूट अर्ध्यावरून खाली घेतली. मामीने तिच्यात दशमी दिली.

प्रकरण आता ७१ पानांचं झालं आहे. वाढलेल्या सात पानांत देवयानी आहे आणि तळटीपेत ‘मामीशी झालेलं संभाषण’ असा रीतसर उल्लेख. मामीने त्या पानाचा फोटो साताऱ्याला पाठवला. बहिणीने तो समोरच्या काकूंना दाखवला. काकू म्हणाल्या, गुडघ्याचं काही लिहिलंय का बघा.

अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या किंवा इकडे फिरायला येणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. फ्लॅगस्टाफला जाणार असाल तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरा, स्वेटर आणि कानटोपी न्या, लाल दिवा न्या. गाडीत एक जागा रिकामी असेल तर आम्हाला कळवा. भाचेबुवा तयार असतात, पेट्रोलचे पैसे मी देतो आणि डबा त्यांची मामी देते. त्यांचा फोन मात्र निघण्यापूर्वी काढून घ्या.